आपल्याला कुठे राहायचंय!

विमानतळ झाल्यापासून पनवेलमध्ये कुठल्याही गोष्टीचं कारण शोधावं लागत नाही. मेथीची जुडी महाग झाली, विमानतळ. लग्नाला हॉल मिळत नाही, विमानतळ. आमच्या गल्लीतल्या न्हाव्याने दाढीचे दर वाढवले तेव्हा त्यानेही वस्तरा उंचावून आभाळाकडे बोट दाखवलं, आणि त्या अवस्थेत मी वाद घातला नाही. अशा वातावरणात, एकतीस वर्षं एका कंपनीच्या स्टोअर्समध्ये नटबोल्ट सांभाळून निवृत्त झालेल्या माणसाचं डोकं किती दिवस थाऱ्यावर राहणार? माझं पाच महिने राहिलं. हे मी माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

सुरुवात शेजारच्या अविनाशने केली. त्याने रोडपालीला एक जुना फ्लॅट घेतला, रंगरंगोटी करून चार महिन्यांत विकला आणि एवढी लांब गाडी घेतली की ती आमच्या गल्लीत वळत नाही. ती तो तळ्यापाशी लावतो आणि चालत घरी येतो. पण चालण्यात किती रुबाब!

"टिपणीसकाका, सोपं आहे," तो म्हणाला. "जुना फ्लॅट घ्यायचा, त्याचं तोंड धुवायचं, पावडर लावायची आणि विकून मोकळं व्हायचं. फक्त जीव लावायचा नाही. मनात सारखं म्हणायचं, आपल्याला कुठे राहायचंय!"

मला हे वाक्य फार आवडलं. त्यात एक प्रकारचं वैराग्य होतं.

प्रश्न होता तो अरुंधतीचा. अरुंधती म्हणजे माझी पत्नी. ती शाळेत गणित शिकवायची, आणि माझ्या व्यवहारज्ञानाबद्दल तिचं मत एका कलिंगडावर उभं आहे. ते मी आणलं होतं आणि आतून पांढरं निघालं होतं. ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याण्णवची, पण आमच्या घरात तिचा उल्लेख 'परवा' असा होतो.

मी फ्लॅटचा विषय काढला तेव्हा ती भाजी निवडत होती. सगळी निवडून टोपलीत टाकली. मग म्हणाली, "फंडाचे पैसे दोघांचे आहेत, तेव्हा अट माझी. दसऱ्यापर्यंत विकला गेला पाहिजे. नाही गेला, तर यापुढे या घरात कलिंगडसुद्धा मी आणीन. आणि विकला जाईपर्यंत मी तो बघायला येणार नाही. मला उगीच मतं पडतील."

तेव्हा प्रश्न फंडाचा होता हे खरं, पण त्याहून जास्त तो कलिंगडाचा होता.

होळी झाल्यावर मी पनवेलजवळच विचुंब्याला 'गगनस्पर्श' नावाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. इमारत चार मजल्यांची आहे. गगनाला स्पर्श कोणत्या बाजूने होतो हे मला अजून कळलेलं नाही, पण लिफ्ट आहे. फ्लॅट ओलसर, पोपडे आलेला आणि खिन्न होता, म्हणजे अविनाशच्या भाषेत अगदी फर्स्ट क्लास. मी परेश नावाचा कंत्राटदार ठरवला, नारळ आणला आणि तो फोडणार एवढ्यात दारात सोसायटीचे सेक्रेटरी येऊन उभे राहिले. यांना सगळी इमारत दाजी म्हणते. बगलेत रजिस्टर आणि कानावर पेन घेऊनच ते जन्मले असावेत.

"नारळ फोडा," दाजी म्हणाले, "पण दुसरं काही फोडायचं नाही. सोसायटीची ना हरकत लागते."

"मग द्या की."

"अध्यक्षांची सही लागते."

"कुठे असतात ते?"

"नाशिकला. दोन वर्षं झाली, फ्लॅट विकून गेले."

"मग नवा अध्यक्ष निवडा!"

"त्याला सभा लागते. सभेला कोरम लागतो. कोरमला माणसं लागतात आणि माणसं येत नाहीत."

"का येत नाहीत?"

"अध्यक्ष करतील म्हणून," दाजी म्हणाले आणि माझ्याकडे, मासे घ्यायला आलेली बाई बांगड्याकडे बघते तसं बघत राहिले.

पुढच्या रविवारी गच्चीवर सभा झाली. उमेदवार सापडल्याची बातमी आधीच पसरलेली असल्यामुळे चोवीस फ्लॅटमधून एकोणचाळीस माणसं आली. माझं नाव सुचवायला सात जण एकदम उठले. निवड चार मिनिटांत, एकमताने. टाळ्या वाजल्या, पेढे निघाले (म्हणजे ते आधीच आणलेले होते), आणि पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी साध्या पिकनिकचं प्रमुख केलं नव्हतं. मी दोन शब्द बोलायला उभा राहिलो, पण तोवर गच्ची रिकामी झाली होती.

मग मी फ्लॅटधारक या नात्याने अध्यक्षांना अर्ज केला. अध्यक्ष या नात्याने तो वाचला. तो मला पटला. मी मला परवानगी दिली. दाजींनी त्याला आवक क्रमांक दिला, जावक क्रमांक दिला, आणि मला पोच म्हणून माझीच सही माझ्याकडून घेतली.

परेश उरणकडचा. घरी मासेमारी, पण याने होडी सोडून थापी धरली. कामाला चोख. त्याचा दोष एकच, तो खरं बोलतो.

"काका, ही बेडरूमची भिंत वली हाय," पहिल्याच दिवशी तो म्हणाला. "पलास्टर फोडून वाटरप्रूफिंग कराला लागंल."

"किती दिवस?"

"पंधरा."

"वरून काही लावता येत नाही?"

"पॅनेल लावता येतंय. पन आत पानी र्‍हाईल ना."

"राहू दे! आपल्याला कुठे राहायचंय!"

परेशने माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि पॅनेल लावलं. लाकडासारखं दिसणारं, तपकिरी, दणकेबाज. ओल दिसेनाशी झाली. मला एकदम धंद्याची नाडी सापडल्यासारखं वाटलं.

नळांचंही तेच. मी सोनेरी मुलामा दिलेले नळ आणले. परेशने एक नळ हातात घेऊन वजन बघितलं. "भाईरून भारी हाय काका, पन आतून पिलास्टिक. सहा महिनं चालंल."

"सहा महिने पुष्कळ झाले."

न्हाणीघराच्या फरशीचा उतार मात्र गवंड्याने जाळीकडे करण्याऐवजी दाराकडे केला. हे शोधून काढलं भीमाबाईंनी. ज्यांच्या शेतावर ही इमारत उभी आहे त्या भीमाबाई तळमजल्यावर राहतात आणि दिवसभर फाटकापाशी खुर्ची टाकून बसतात. त्या एक दिवस काम बघायला वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "आरं, पानी घरात येल की! आमच्या खाचराचा बांध तरी बरा व्हता." फरशी उखडून पुन्हा घालायला चार दिवस लागणार होते. मी मनातल्या मनात ते वैराग्याचं वाक्य म्हटलं आणि दारात एक जाड पायपुसणं टाकलं.

सल्ला द्यायला माणसांची वाण नव्हती. वरच्या मजल्यावरच्या रुचिराताईंनी छताला फॉल्स सीलिंग करून त्यात सात रंगांचे दिवे लावायला सांगितले. अविनाशने दुजोरा दिला. "गिऱ्हाइकाला वर बघायला लावा काका, मग तो खाली बघतच नाही." दिवे लागले. ते रिमोटवर चालतात आणि रिमोट त्याच्या मर्जीवर. बहुतेक वेळा जांभळ्यावर अडकतो. छत खाली आल्यामुळे पंखाही खाली आला. मी उंचीने बेताचा असल्यामुळे त्याचं काही वाटलं नाही, फक्त शर्ट डोक्यातून काढायचा झाला तर आधी पंखा बंद करायचा, एवढंच पथ्य.

या काळात माझ्या अध्यक्षपदाचीही कसोटी लागली. खालच्या मजल्यावरून ठोकाठोकीची तक्रार आली. तक्रार अध्यक्षांकडे, म्हणजे माझ्याकडे. मी दोनशे चार नंबरच्या मालकाला, म्हणजे मला, नोटीस काढली. ती हातात पडल्यावर वाईट वाटलं. भाषा फार कडक होती. नव्या माणसाशी इतकं तोडून बोलायची गरज नव्हती. पुढे लिफ्टमधून राबिट, म्हणजे फोडकामाचा कचरा, नेलं म्हणून मला दंड झाला. तो मी वेळेत भरला आणि नोटीसबोर्डावर माझं जाहीर कौतुक केलं. त्याच भरात मी एक परिपत्रक काढलं: दसरा ते तुळशीचं लग्न या काळात इमारतीत कुठलीही तोडफोड करता येणार नाही. सणासुदीला लोकांना शांतता नको का? दाजी म्हणाले, असा अध्यक्ष झाला नाही. मी चार दिवस ते वाक्य घरी वेगवेगळ्या निमित्तांनी सांगत होतो.

गणपतीच्या आधी फ्लॅट तयार झाला आणि गिऱ्हाइकं यायला लागली.

'गगनस्पर्श'ला वॉचमन नाही, त्यामुळे किल्ली आमच्या घरी. आमचं घर जुन्या पनवेलात, तळ्यालगत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. गिऱ्हाईक तीन जिने चढून धापा टाकत यायचं, आणि दारात आलेला माणूस नुसती किल्ली घेऊन गेला तर अरुंधतीला चैन पडत नाही. आधी पाणी, मग चहा, मग 'दोन मिनिटं थांबा, पोहे होतायत'. लोक खाऊन, ढेकर देऊन, तळ्याकडून येणारा वारा घेऊन विचुंब्याला जायचे. परत येऊन किल्ली द्यायचे आणि काकूंच्या हाताची चव वाखाणून निघून जायचे. फ्लॅटबद्दल चकार शब्द नाही.

एक गृहस्थ होकायंत्र घेऊन आले होते. त्यांनी दार दक्षिणेला असल्याचं सिद्ध केलं आणि मी ते उचलून उत्तरेला नेईन का असं विचारलं. नेऱ्याहून फार्महाउसवालं एक कुटुंब आलं. त्यांना त्यांचा कुत्रा कुठे बांधणार एवढीच काळजी होती आणि कुत्र्याला जांभळा दिवा आवडला नाही. तिसऱ्या कुटुंबातल्या आजींनी तर कमाल केली. सून सीलिंगकडे बघत असताना त्यांनी न्हाणीघरात एक तांब्याभर पाणी ओतलं आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. पाणी सावकाश, पण ठाम निश्चयाने, पायपुसण्याखालून त्यांच्या पायाशी आलं. आजींनी चपला घातल्या. अशा बायकांमुळे या देशात घरांचा व्यवसाय वाढत नाही.

मग पितृपक्ष लागला. पंधरा दिवस कुणी घर बघायचं तर सोडाच, त्याचं नावही काढत नाही. अविनाशने माझा फोन उचलणं बंद केलं. अरुंधतीने भिंतीवरच्या कॅलेंडरात दसऱ्याभोवती पेन्सिलीने एक गोल काढला होता. आणि बाजारातून येताना तिने एक कलिंगड आणलं. पितृपक्षात! ते आतून लालभडक निघालं. तिने मला मोठी फोड दिली. मी ती मान खाली घालून खाल्ली.

नवरात्रात, तिसऱ्या माळेला, सत्यजीत आणि मिताली आले. तरुण जोडपं, दोघंही आयटीत, विक्रोळीहून आलेले. मी मनाशी ठरवलं होतं की ही शेवटची संधी. अरुंधतीने दडपे पोहे दिले. मितालीने दुसऱ्यांदा घेतले. ते विचुंब्याला गेले आणि तासाभराने किल्ली घेऊन परत आले, पण परत निघेनात. मिताली खिडकीच्या कठड्यावर बसून तळ्याकडे बघत होती. सत्यजीत आमच्या जुन्या मोझॅकच्या फरशीवर मोजे काढून पाय ठेवून बसला होता.

"कसा वाटला फ्लॅट?" मी विचारलं.

"छान आहे काका," सत्यजीत म्हणाला. "म्हणजे... लाइट्स खूप आहेत."

"खरं सांगू का?" मिताली म्हणाली. "आम्हाला ना असं घर हवंय."

"असं म्हणजे?"

"हे. हेच. तुम्ही देणार असाल तर. जिन्यांचं आम्हाला काही नाही."

मी मोठ्याने हसलो. मग सत्यजीतने आकडा सांगितला आणि माझं हसू अर्ध्यावर थांबलं. ज्या घरात मी तीस वर्षांत एक खिळा नवा ठोकला नव्हता, त्याला हा मुलगा 'गगनस्पर्श'च्या वर भाव देत होता. तरी मी नाही म्हणायला तोंड उघडलं. अरुंधती या घराबाहेर पाय टाकणार नाही याची मला खात्री होती.

"ताबा कधी हवाय तुम्हाला?" अरुंधतीने विचारलं.

ती दोघं गेल्यावर मी तिच्याकडे बघतच राहिलो. ती बशा उचलत होती. "तीस वर्षं हे तीन जिने चढतेय," ती म्हणाली. "गेली चार वर्षं प्रत्येक मजल्यावर थांबते. तुम्ही पुढे निघून जाता, म्हणून तुम्हाला दिसत नाही. कधी विचारलंत, गुडघे कसे आहेत?"

मी विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली. मी तिच्या हातातल्या बशा घेतल्या.

"तिकडे लिफ्ट आहे," ती म्हणाली. "आणि तुम्ही इतके महिने उन्हातान्हात खेपा घालून, एवढं मन लावून घर केलंत. ते परक्याला कशाला द्यायचं? आपणच राहू. व्यवहार उत्तम जमलाय तुम्हाला." मग जरा थांबून म्हणाली, "कलिंगडाचं मी उगीच ताणलं इतकी वर्षं."

ज्या वाक्यासाठी मी अठ्ठावीस वर्षं थांबलो होतो, ते आलं. आणि मला त्याच क्षणी पॅनेलमागची भिंत दिसली, जांभळा दिवा दिसला, तो तांब्या दिसला. खरं सांगायला तोंड उघडलं, पण ती इतकी खुश दिसत होती की तसंच मिटलं.

दसऱ्याला सत्यजीतशी लेखी व्यवहार झाला. मी त्याच संध्याकाळी परेशला गाठून न्हाणीघर उखडायला सांगितलं. परेश सामान घेऊन फाटकापाशी आला तर दाजी आडवे. हातात माझं परिपत्रक, खाली माझी सही.

"पण ते मीच काढलंय!" मी म्हणालो.

"म्हणून तर," दाजी म्हणाले. "अध्यक्षांनीच मोडलं तर इतरांनी काय करायचं?"

"मी रद्द करतो."

"त्याला सभा लागते. सभेला कोरम लागतो."

दिवाळीनंतर आम्ही सामान हलवलं. अरुंधती पहिल्यांदाच फ्लॅटमध्ये आली. लिफ्टमधून आली, हसत आली. फाटकापाशी भीमाबाई म्हणाल्या, "आली का गो? पाय कोरडं ठेव," आणि अरुंधतीला वाटलं इकडे असंच स्वागत करत असतील. तिने दूध उतू घातलं, सगळीकडून फिरून सीलिंगकडे बघितलं आणि म्हणाली, "अय्या, थिएटरच केलंत की." दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाऊन बाहेर आली आणि पाणी तिच्या मागोमाग आलं. तिसऱ्या दिवशी बेडरूमचं पॅनेल फुगून कपाटाला भेटायला आलं. चौथ्या दिवशी मी पेपर वाचत होतो, तर ती समोर येऊन उभी राहिली. हातात सोनेरी नळ. आत पाण्याचा आवाज.

"हा किती दिवसांचा आहे?" तिने शांतपणे विचारलं.

"सहा महिन्यांचा."

"झाले का?"

"परवाच झाले."

ती नळ माझ्या पेपरवर ठेवून आत गेली. परेश दुसरीकडे अडकला होता आणि तुळशीच्या लग्नाला अवकाश होता. मी नळाच्या जागी बूच मारलं आणि तिच्या नजरेसमोर यायचं टाळत राहिलो. दोन दिवसांनी दाजी आले, रजिस्टर उघडलं आणि एक लिफाफा माझ्यापुढे धरला. आत फुलस्केपवर गणिताच्या बाईंचं मोत्यासारखं अक्षर होतं. प्रति, माननीय अध्यक्ष. विषय: सदनिका क्रमांक २०४ मधील निकृष्ट कामाबाबत. खाली चार मुद्दे. न्हाणीघराची आकृती काढून उतार किती आणि कुठल्या दिशेला आहे तो कोनमापकाने मोजून लिहिलेला. शेवटी, 'सदर काम करवून घेणाऱ्या व्यक्तीस या घरात माणसं राहणार आहेत याची कल्पना नसावी असे दिसते. आपली, अरुंधती टिपणीस.'

स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज येत होता. तक्रारदार तिथेच होती, आठ पावलांवर.

"पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं," दाजी म्हणाले.

मी तिथेच बसून उत्तर लिहिलं. 'आपली तक्रार पूर्णपणे रास्त आहे. संबंधित व्यक्तीस समज देण्यात आली असून तिला अतिशय वाईट वाटत आहे.' दाजींनी त्याला जावक क्रमांक दिला आणि ते आठ पावलं चालून स्वयंपाकघरात नेऊन दिलं. फोडणीचा आवाज थांबला. मग आतून अरुंधतीचं हसू ऐकू आलं, दाबलेलं, पण चांगलं लांबलेलं. मागोमाग ती म्हणाली, "समज पुरे. आधी परेशला फोन लावा."

मी लावला.

"काय काका, परत इकाला काढलाव का फ्लॅट?" परेशने विचारलं. "बोला, काय लावू? तेच सोनेरी नळ?"

"नको," मी म्हणालो. "तुळशीचं लग्न झालं की सगळं उखड. भिंत फोड, वॉटरप्रूफिंग कर, उतार सरळ कर, नळ पितळेचे आण. कितीही दिवस लागू देत. परेश, इथे आम्हाला राहायचंय रे बाबा."

पलीकडे त्याने थापी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मंग पयलंच नाय सांगायचं का, काका," परेश म्हणाला.